रहस्यकथेचे गाव

रहस्यकथेला आपल्या समीक्षेने आजवर ओसरीवरच बसवून ठेवले, माजघरात कधी घेतले नाही. वाचकांनी मात्र तिच्यावर भरभरून प्रेम केले. आमच्या शाळकरी वयात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके पाठ्यपुस्तकात दडवून वाचली जात. अशी मालिका लेखकाला सुचते तरी कोठून, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. निवृत्तीनंतर तो पडला.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या टोपणनावात किनाऱ्यावरचे अर्नाळा आहे. पण हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड वावरले ते प्रामुख्याने मुंबईत. महानगराची गर्दी अनोळखी असते. तेथे वेषांतर खपून जाते, गुन्हेगारही लपू शकतो.

लहान गावात यातले काहीच शक्य नसते. तरीही तेथे रहस्य असते, हे ॲगाथा ख्रिस्ती यांनी दाखवून दिले. त्यांच्या १९२६ सालच्या एका कादंबरीत कॅरोलाइन शेपर्ड नावाची चौकस प्रौढा आहे. घराबाहेर न पडताही तिला गावातली प्रत्येक वार्ता ठाऊक असते. या पात्राच्या नाट्यरूपांतरात तिच्या जागी एक तरुणी आणली गेली, ते ख्रिस्तींना फार खटकले. कॅरोलाइन रेखाटताना मिळालेल्या आनंदातूनच बहुधा मिस मार्पल जन्मली असावी, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. माणसांविषयी वाईटाचीच अपेक्षा ठेवणारी आणि बहुधा खरी ठरणारी त्यांची आजीही या पात्रात उतरली. १९२७ साली कथेतून अवतरलेली ही वृद्धा सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यातील माणसांच्या अनुभवावरून जगातले गुन्हे उलगडते.

मराठीत खेड्याचा हा वारसा भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी बालवाङ्मयात आणला. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या नायकासाठी मात्र पुण्याजवळचे फुरसुंगी निवडले. बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, पुढे काश्मीरपर्यंत जातो, तरी तो राहतो ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’च. या नावातील तीन ‘फ’ केवळ कानाला गोड वाटावेत म्हणून जुळवले असतील, असे मला वाटत नाही. शहराला जे सवयीचे, ते गावाकडून आलेल्या पोराला नवे असते. म्हणून इतरांच्या नजरेतून निसटलेले त्याला दिसते.

महसूल खात्यातील नोकरीत याची प्रचिती आली. खानापूर तालुक्यातील एका गावी चौकशीला गेलो होतो. कागदोपत्री एक घर कित्येक वर्षे बंद होते. दाराला कुलूप, पंचही तेच सांगत होते. शेजारच्या आजी तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, “साहेब, वृंदावनातली तुळस हिरवी हाय न्हवं? मग पाणी कोण घालतंय?” माझ्या हातातल्या दप्तरापेक्षा त्या तुळशीची साक्ष खरी ठरली. मिस मार्पल मला इंग्रजी पुस्तकाआधी तेथे भेटली.

आज फुरसुंगीचे नाव कचरा डेपोच्या बातम्यांतून अधिक कानी पडते. २०१७ साली ते पुणे महापालिकेत गेले, २०२४ साली उरुळी देवाचीसह त्याची वेगळी नगरपरिषद झाली. मी राहतो त्या उद्यमबागेतही फाउंड्रींच्या भट्ट्यांमागे भाड्याच्या खोल्यांत परगावची माणसे येतात आणि जातात. शेजारच्या खोलीत कोण राहते, हे मलाही सांगता येणार नाही. पूर्वी हे अज्ञान लाजिरवाणे वाटले असते.

तरीही तंबाखूच्या वखारींचे निपाणी, जंगलाच्या कडेचे खानापूर अजून आहेत. येथला साक्षीदार घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही बोलतो. एकाच प्रसंगाची हकीकत तो दोन भाषांत सांगतो, तेव्हा त्यांत किंचित फरक पडतो. तो फरक हेरणारा शोधक मराठी कादंबरीत मला अजून भेटलेला नाही. सीमाभागाविषयी आपण निवेदने पुष्कळ लिहिली; पण गावाकडे त्या आजींच्या नजरेने पाहणारी एखादी रहस्यमालिका येथून निघाली, तर या भूमीची ओळख अधिक दूरवर पोहोचेल. तुळशीला पाणी घालणारा हात कोणाचा, एवढ्यापासून आरंभ करता येईल.