कुत्रा कामावर होता तेव्हा

दिवसभर नोकरी करणाऱ्याने कुत्रा पाळू नये, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. सकाळी दाराला कुलूप लागते ते दिवेलागणीला उघडते, आणि मधला सगळा वेळ एक जिता जीव दाराकडे कान लावून बसतो. या सल्ल्यामागची कळकळ खरी आहे, पण निदान चुकीचे आहे. महाराष्ट्रातली माणसे काही कालपरवापासून दिवसभर राबू लागलेली नाहीत. घड्याळ गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून ती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कामातच होती, आणि त्यांच्याजवळ कुत्री होती. कुत्रा एकटा पडला तो दोन वेगळ्या घडामोडींमुळे. एक, धन्याचे कामाचे ठिकाण आणि कुत्र्याचे राहण्याचे ठिकाण यांची ताटातूट झाली. दोन, त्याला सांभाळणारे हात पुष्कळ होते, ते एकदोनच उरले. हा इतिहास समजून घेतला, तर प्रश्न केवळ धन्याच्या फुरसतीचा नाही हे ध्यानात येते.

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली काही ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतला एक रथ आहे. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत, आत एक पुरुष उभा आहे, आणि बैल व पुरुष यांच्यामध्ये रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुष्कळ जण त्या साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथ देवाचा की माणसाचा, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घडवणाऱ्या कारागिराला माणूस बाहेर निघाला की कुत्रा त्याच्यासोबत असणारच असे वाटले, एवढे तर उघड दिसते. राष्ट्रकूट काळातला पुरावा याहून बोलका आहे. कर्नाटकातल्या आतकूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची हकीकत कोरलेली आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा मांडलिक गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या योद्ध्यावर प्रसन्न झाला, तेव्हा मणलेराने वर म्हणून हा कुत्राच मागून घेतला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले. मणलेराने कुत्र्याच्या नावे दगड उभारला, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि त्या दगडाची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला. असा दगड, म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या वीराचा असतो. तो मान कुत्र्याला मिळाला, कारण तो धन्याच्या कामातला भागीदार होता.

ही भागीदारी आजही शाबूत असलेली जागा म्हणजे मेंढपाळ धनगरांचा वाडा. वाडा म्हणजे इथे घर नव्हे, फिरते बिऱ्हाड. दिवाळीनंतर माणदेशासारख्या कोरड्या मुलखातले कळप चाऱ्याच्या शोधात निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतात. घोड्यांच्या पाठीवर संसार असतो. रात्री एखाद्या शेतात मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. त्या रात्री कळपाभोवती जाग ठेवायची ती कुत्र्यांनी. लांडग्याचा वास आधी त्यांनाच लागतो. मेंढपाळाइतका पूर्णवेळ काम करणारा माणूस दुसरा नसेल. त्याला रजा नाही, सुटी नाही. तरीही त्याच्या कुत्र्याला एकटेपण माहीत नाही, कारण दोघांचे काम एक, वाट एक, आणि वाड्यावरच्या प्रत्येक माणसाशी त्याची ओळख. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो आणि जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानत आले, यामागची श्रद्धा याच जगण्यातून आलेली असावी.

गावातल्या कुत्र्याची व्यवस्था निराळी होती, पण तीही सामायिकच. तो एका घराचा कमी आणि आळीचा जास्त. वैश्वदेवाच्या बलीत कुत्र्याचा वाटा शास्त्रानेच ठरवून दिलेला होता. ज्या घरांत वैश्वदेव नव्हता, तिथेही उरलेली चतकोर भाकरी त्याच्यापुढे पडत असे. इथे रास्त आक्षेप येतो, की हे जुन्या काळाचे कौतुक झाले. त्या कुत्र्याला ना लस होती ना औषध. खरूज, उपासमार आणि दगडधोंडे त्याच्या वाट्याला नेहमीचेच. पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस दगावण्याची भीती असायची, कारण पाश्चरची लस आली तीच १८८५ साली. हे सगळे खरे आहे. आजचा फ्लॅटमधला कुत्रा त्याच्या पूर्वजांपेक्षा जास्त जगतो, चांगले खातो, आणि ही कमाई सोडून देण्याचे कारण नाही. पण जुन्या व्यवस्थेत अन्न आणि औषध कमी पडत होते, सोबत कमी पडत नव्हती. आज उलट आहे. म्हणून मागे जायची गरज नाही. जे हरवले ते नेमके ओळखायची गरज आहे.

हे हरवणे सुरू झाले शहरात. मोकाट कुत्री मारण्याची परवानगी देणारा नियम मुंबईत १८१३ पासूनच होता. वर्षातले ठरावीक आठवडे त्यासाठी नेमलेले होते. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. मग बक्षिसाच्या लोभाने घरांच्या आवारातलीही कुत्री मारली जाऊ लागली. पारशी समाजात अंत्यविधीच्या वेळी मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे आवश्यक मानतात. त्यात त्यांच्या पवित्र दिवशी ही मोहीम चालली, तेव्हा ६ जूनला लोक रस्त्यावर आले. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. पुढे सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि १८३४ साली मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. आळीचा कुत्रा ही गोष्ट सरकारी वहीत बसत नव्हती. तिथे दोनच खाने होते: मालक असलेला कुत्रा आणि बेवारस कुत्रा. सामायिक सांभाळ या दोन खान्यांच्या मधल्या फटीत नाहीसा झाला.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांत मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि काम व घर यांच्यामध्ये भोंगा आला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा पडली ती १९११ साली, आणि तीही गिरण्यांत दिवसाला १२ तासांची. रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली मिळवली. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. तिथे कुत्रा बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. घरात कुत्रा ठेवून ऑफिसला जाणारा पहिला वर्ग होता गोऱ्या साहेबांचा. पण साहेबाच्या बंगल्यावर कुत्र्यांसाठी वेगळा नोकर असे. त्याला डोरिया म्हणत. खाणे, आंघोळ, फिरवणे हे सगळे त्याच्याकडे. साहेबाचा कुत्रा एकटा नव्हता, कारण कुणा गरिबाचा अख्खा दिवस त्याच्यासाठी विकत घेतलेला होता. पुढे मध्यमवर्गाने कुत्रा पाळण्याची ही रीत उचलली, तेव्हा बंगला आणि डोरिया दोन्ही गळाले. काही काळ एकत्र कुटुंबाने ती उणीव भरून काढली, कारण घरात कुणीतरी असेच. दोघेही नोकरीला जाणारे छोटे कुटुंब आले, तेव्हा मात्र कुत्र्याच्या दिवसात एक मोठी पोकळी पडली.

यावर कुणी म्हणेल, कुत्रा दिवसाचा बराच वेळ झोपतोच, मग अडचण काय? धनगराचा कुत्राही भर उन्हात झाडाखाली झोपतो, पण डोळा उघडला की त्याला आपली माणसे दिसतात आणि पाय मोकळे असतात. प्रश्न कोंडण्याचा आहे. आपल्या कायद्यालाही तो दिसलेला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा मानला आहे. त्यातली तरतूद बारकाईने वाचण्यासारखी आहे: मालकाने व्यायाम द्यावा, किंवा दुसऱ्याकरवी देववावा. कायदा मालकाकडे त्याचा दिवस मागत नाही, कुत्र्याच्या दिवसाची सोय मागतो. स्वीडनने हीच गोष्ट तासांत मांडली. तिथे दिवसा दर सहा तासांनी तरी कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते. नोकरदार माणसे तिथेही कुत्री पाळतात, पण कुणीतरी मध्ये येऊन जाईल याची व्यवस्था करून.

दुसरा आक्षेप पैशाचा. फिरवायला माणूस ठेवणे ज्याला परवडते, त्यानेच कुत्रा पाळावा का? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण याचा शेवट पुन्हा डोरियावर होऊ शकतो: एकाची हौस आणि दुसऱ्याची स्वस्त मजुरी. म्हणून कुत्री फिरवणाऱ्याला पुरेसा मोबदला हवा आणि त्याच्या कामाला मान हवा, यात तडजोड नको. पण पैसा हा एकच मार्ग नाही. इतिहासात कुत्र्याचा सांभाळ बहुतेक वेळा विकत घेतलेला नव्हता, वाटून घेतलेला होता. एका सोसायटीत चार घरांत कुत्री असतील आणि त्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतील, तर दुपारची फेरी आळीपाळीने होऊ शकते. निवृत्त शेजाऱ्याला सोबत हवी असते, पण या वयात कुत्र्याची पंधरा वर्षांची जबाबदारी नको असते. त्याला दोन तासांचा कुत्रा हवाहवासा वाटेल. या गोष्टी अवघड नाहीत. शेजाऱ्यापाशी शब्द टाकायचा संकोच सोडला की पुरे.

तेव्हा कुत्रा घेऊ पाहणाऱ्या नोकरदाराला विचारायचा प्रश्न तो किती तास कामावर असतो हा नव्हे. तो बाहेर असताना कुत्र्याकडे कोण येईल, आणि त्या माणसाला कुत्रा ओळखतो का, हा प्रश्न आहे. याला नावानिशी उत्तर नसेल, तर त्याने कुत्रा आणू नये, मग तो घरून काम करणारा का असेना. आणि उत्तर असेल, तर नोकरी आड येत नाही. माणसाने कुत्र्याला जवळ केले ते राबता राबताच, आणि त्याला वाढवले ते अनेकांनी मिळून. एकट्याने कुत्रा पाळण्याची रीत अलीकडची आहे, आणि ती बदलणे आपल्याच हातात आहे.