सॅनिबेलचे शंख-शिंपले संग्रहालय

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातातील सॅनिबेल बेटावरचे हे संग्रहालय केवळ मृदुकाय प्राणी आणि त्यांची कवचे यांना वाहिलेले आहे. त्याचे पूर्ण नाव बेली-मॅथ्यूज राष्ट्रीय शंख संग्रहालय व मत्स्यालय. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

संग्रहालय इथेच का, याचे उत्तर बेटाच्या ठेवणीत आहे. या किनाऱ्यावरची बहुतेक बेटे उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सुमारे १९ किलोमीटर लांबीचे सॅनिबेल मात्र वळून पूर्व-पश्चिम आडवे झाले आहे. दक्षिणेकडून येणारे प्रवाह आपल्यासोबतचे शंख-शिंपले त्याच्या कुशीत टाकून जातात. आखाताचा तळ इथे फार हळूहळू खोल होत जातो आणि पाणी उथळ व उबदार असते. त्यामुळे समुद्री गवतात आणि वाळूत मृदुकाय प्राण्यांची भरपूर वाढ होते. वाटेत प्रवाळांची रांगही नसल्याने नाजूक कवचेसुद्धा पुष्कळदा अखंड किनाऱ्याला लागतात.

शिंपले वेचणाऱ्यांच्या कमरेत वाकलेल्या चालीला इथे ‘सॅनिबेल स्टूप’ असे नावच पडले आहे. मलईच्या रंगावर तपकिरी चौकोनी ठिपके असलेला जुनोनिया हा खोल पाण्यातला शंख क्वचितच किनाऱ्यावर येतो. ज्याला तो सापडेल, त्याचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो.

संग्रहालयासाठीची जमीन बेटावरच्या बेली कुटुंबातील तीन भावांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिली. ‘पेरी मेसन’ मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेले अभिनेते रेमंड बर हे शंखांचे जाणते संग्राहक होते. त्यांनी या कामासाठी निधी उभारायला मदत केली. संस्थापक संचालक आर. टकर अ‍ॅबट हे अमेरिकन शंखांवरील प्रमाणभूत ग्रंथाचे कर्ते. संग्रहालय उघडले त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.

वरच्या मजल्यावरील दालनांत जगभरचे शंख मांडलेले आहेत. त्यांत डोळ्यांत भरतो तो हॉर्स काँक. ६० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा शंख १९६९ पासून फ्लॉरिडाचे राज्यचिन्ह आहे. या भागातल्या मूळच्या कलूसा लोकांनी शंखांपासून हातोडे, भांडी आणि इतर अवजारे बनवली. त्यांनी रचलेले शिंपल्यांचे प्रचंड ढीग या किनाऱ्यावर आजही उभे आहेत. २०२० मध्ये तळमजल्यावर जिवंत प्राण्यांचे दालन सुरू झाले. शंखातली गोगलगाय आणि कवच नसलेला ऑक्टोपस हे एकाच संघातले प्राणी आहेत, हे तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

लायटनिंग व्हेल्क हा इथला शंख मराठी पाहुण्याने मुद्दाम निरखावा. त्याचे वेटोळ्यांचे टोक वर धरले, तर तोंड डावीकडे उघडते. बहुतेक शंखांचे ते उजवीकडे असते. याची मादी अंड्यांच्या चपट्या, चकतीसारख्या कोशांची लांब माळ घालते. किनाऱ्यावर आलेली वाळलेली माळ हलवली की ती खुळखुळते, आणि एखादा कोश उघडला तर आत बारीक दाण्यांएवढे, पण पूर्ण घडलेले शंख दिसतात. आपल्याकडे शंख टोक खाली धरून पाहतात, त्यामुळे हाच शंख दक्षिणावर्ती ठरतो आणि देवघरासाठी तसा विकलाही जातो. पूजेतला खरा शंख हिंदी महासागरातला, वेगळ्या कुळातला असतो. त्याच्या तोंडाशी आतल्या दांड्यावर तीन-चार ठळक घड्या असतात. तशा घड्या लायटनिंग व्हेल्कवर नसतात.

जिवंत शंख उचलण्यास सॅनिबेलवर १९९५ पासून बंदी आहे. मूळ प्राणी मेलेला असला, पण खेकड्याने आत बिऱ्हाड केले असले, तरी तो शंख जागीच सोडावा लागतो. तारामासे आणि सी-अर्चिन यांनाही हे संरक्षण लागू आहे. भरपूर आहे म्हणून ओरबाडावे, या वृत्तीला बेटाने वेळीच आवर घातला, ही मोठीच गोष्ट आहे. संग्रहालयात हातातल्या शिंपल्याचा धनी कोण, तो काय खातो, कसा चालतो हे कळले, की हा नियम जाचक वाटत नाही.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ चक्रीवादळाने बेटाला तडाखा दिला. मुख्य भूमीला जोडणारा, १९६३ साली खुला झालेला सेतुमार्ग ठिकठिकाणी तुटला. तात्पुरती दुरुस्ती होऊन वाहने पुन्हा जायला सुमारे तीन आठवडे लागले. समुद्राचे पाणी शिरून संग्रहालयाच्या तळमजल्यावरील जिवंत दालनाची मोठी हानी झाली.

सॅनिबेलला जवळचा विमानतळ फोर्ट मायर्स येथे आहे. वेचणीसाठी हिवाळ्यातली मोठी ओहोटी, त्यातही नुकतेच वादळी वारे होऊन गेल्यानंतरची सकाळ उत्तम. बोमन्स बीच आणि बेटाच्या पूर्व टोकाचा, १८८४ च्या दीपगृहाजवळचा किनारा हे वेचणाऱ्यांच्या पसंतीचे आहेत. आधी संग्रहालय पाहून मग तिकडे गेल्यास वाळूतली कवचे नावानिशी ओळखता येतात.