दारू, मान आणि जेवणाचं ताट : १९६७ सालची तीन गाणी



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले आणि उठता उठता विषय निघाला गाण्याचा. गटातल्या एका काकूंनी दारूबंदीवर गाणं रचलंय, जात्यावरच्या ओवीच्या चालीत. आमच्या प्रत्येक मेळाव्यात ते होतंच. तेच गाणं तालुक्याच्या एका कार्यक्रमात दुसऱ्यांनी म्हटलं, पत्रकावर छापलं आणि खाली नाव घातलं भलत्याचंच. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "जाऊ दे गं बाई, गाण्याचं काय एवढं? लोकांनी म्हटलं ना, झालं तर."

मला काही ते 'झालं' वाटेना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता आणि जुनी गाणी कुणाची, कशी तयार झाली हे वाचायची तेव्हापासूनची खोड आहे. घरी येताना मला १९६७ हे साल आठवलं. अमेरिकेतलं. त्या एका वर्षात तिथं तीन बायकांची तीन गाणी देशभर गाजली. एक दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला सुनावणारं, एक घरात मान मागणारं आणि एक जेवताना चाललेल्या गप्पांचं. आज त्या तिघींची गोष्ट सांगते. आणि आपण गटातल्या बाया, म्हणून त्या गाण्यांचा हिशोबही मांडते.

आधी तो काळ समजून घेऊ. आपल्याला वाटतं अमेरिकेतल्या बायका पहिल्यापासून मोकळ्या. तसं नव्हतं. १९६७ साली लग्न झालेली बाई कर्ज मागायला गेली की कितीतरी बँका नवऱ्याची सही मागत, बाई स्वतः कमावती असली तरी. हा भेदभाव बंद करणारा कायदा आला १९७४ साली. आपण आज गटाच्या नावावर, आपल्या सहीनं बँकेचं कर्ज उचलतो. तिथल्या पुष्कळ बायकांना तेव्हा तेवढंही जमत नव्हतं. मग बोलायचं कुठं? तर गाण्यात.

पहिली बाई लॉरेटा लिन. जन्म १९३२ चा, केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात. वडील कोळशाच्या खाणीत मजूर. आठ भावंडांत ही दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि विशीच्या आसपास पदरात चार मुलं. नवरा तिला घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात कामाला गेला. घरकाम करताना, मुलं निजवताना ती गायची. नवऱ्यानं ते ऐकून १७ डॉलरची एक गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नव्हतं. तिची तीच शिकली.

१९६० साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली. जाहिरातीला पैसे कुठले? मग नवरा-बायको जुन्या गाडीत बसून गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर गेले आणि आमची रेकॉर्ड वाजवा म्हणून सांगत फिरले. आपण महिला मेळाव्यात लोणच्या-पापडाच्या बरण्या घेऊन दारोदार जातो ना, अगदी तसं.

आता तिच्या नवऱ्याचं दोन बाजूंनी सांगायला हवं. गिटार आणणारा तोच आणि दारू पिणाराही तोच. लॉरेटानं हे कधी लपवलं नाही. आपल्या बहिणीबरोबर तिनं एक गाणं लिहिलं. त्यातली बायको नवऱ्याला स्पष्ट सांगते की दारू पिऊन यायचं आणि वर माझ्याकडून प्रेमाची अपेक्षा करायची, हे चालणार नाही. ज्याला तिकडं कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे खेड्यापाड्यातून आलेलं संगीत, त्याच्या यादीत १९६७ च्या फेब्रुवारीत हे गाणं पहिल्या नंबरावर पोचलं. तिचं हे पहिलंच पहिल्या नंबराचं गाणं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंट्री संगीताच्या संघटनेनं पहिल्यांदा पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि वर्षाची उत्तम गायिका म्हणून निवडली लॉरेटाला. जी गोष्ट बायका विहिरीवर एकमेकींच्या कानात सांगतात, ती तिनं माईकवर म्हटली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

दुसरी ॲरेथा फ्रँकलिन. हिचा जन्म १९४२ चा. कृष्णवर्णीय कुटुंब. वडील धर्मोपदेशक, त्यामुळं लहानपणापासून चर्चमध्ये गाणं. आई लवकर गेली. अठराव्या वर्षी एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. सहा वर्षं गायली, पण कंपनीला तिच्या गळ्याचं काय करावं हेच उमगलं नाही. मग ती अटलांटिक नावाच्या दुसऱ्या कंपनीकडं गेली. १९६७ च्या जानेवारीत तिथलं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं आणि १४ फेब्रुवारीला तिनं गायलं 'रिस्पेक्ट'. रिस्पेक्ट म्हणजे मान.

या गाण्याची गंमत ऐका. ते मुळात तिचं नव्हतं. ओटिस रेडिंग नावाच्या गायकानं ते लिहिलं आणि १९६५ साली स्वतः गायलं. त्यातला पुरुष बायकोला म्हणतो, मी कमावून आणतो, तर घरी आल्यावर मला मान दे. ॲरेथानं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं. काही शब्द बदलले, काही नवे घातले. मागं कोरसला उभ्या राहिल्या तिच्याच दोन बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. आता बाई म्हणू लागली, माझ्याकडंही पैसा आहे, मला मान हवा. शब्द थोडेच बदलले, पण मागणारा बदलला की मागणीचा अर्थ कसा फिरतो ते बघा.

१९६७ च्या जूनमध्ये हे गाणं देशाच्या मुख्य यादीत दोन आठवडे पहिलं होतं. तेव्हा कृष्णवर्णीयांची समान हक्कांची चळवळ जोरात होती. त्याच जुलैत, ॲरेथा जिथं वाढली त्या डेट्रॉइट शहरात मोठा उद्रेक होऊन ४३ माणसं मेली. मान हा शब्द तेव्हा नुसता नवरा-बायकोतला राहिला नाही. कृष्णवर्णीयांनी तो आपला म्हटला आणि बायकांच्या चळवळीनंही.

आता हिशोबाकडं वळू. हे गाणं रेडिओवर हजारो वेळा वाजलं असेल. त्याचे पैसे ॲरेथाला किती मिळाले? अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे जातात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला रेडिओकडून काहीच नाही. रेकॉर्डच्या विक्रीचा वाटा आणि कार्यक्रमाचं मानधन, एवढंच गाणाऱ्याचं. म्हणजे मानाचं गाणं घराघरात वाजत होतं ॲरेथाच्या आवाजात आणि रेडिओचा पैसा जात होता ओटिस रेडिंगच्या खात्यावर. त्यात ओटिसनं काही लबाडी केली नव्हती. गाणं त्याचं होतं, नियम तसा होता. त्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथं तीन दिवसांचा मोठा संगीत महोत्सव झाला. तिथं हे गाणं म्हणण्याआधी ओटिसनं लोकांना हसत सांगितलं की एका मुलीनं हे माझ्याकडून पळवलंय. बिचारा त्याच डिसेंबरात विमान अपघातात गेला, अवघा २६ वर्षांचा.

त्या महोत्सवात आपले पंडित रविशंकरही होते, तबल्याला उस्ताद अल्लारखा. एक अख्खी दुपार त्यांनी सतार वाजवली आणि हजारो तरुण मुलं शांत बसून ऐकत राहिली. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. बाकीचे सगळे कलावंत तिथं मानधन न घेता आले होते. पैसे दिले गेले ते फक्त रविशंकरांना, ३,००० डॉलर. कलेचा मान आणि कलेचं मोल, दोन्ही घेता येतात.

आपल्याकडंही हा वाद त्याच दशकात पेटला होता. लता मंगेशकरांचं म्हणणं होतं की रेकॉर्ड विकली गेली की गाणाऱ्यालाही त्यातला वाटा, म्हणजे रॉयल्टी, मिळायला हवी. मोहम्मद रफींचं म्हणणं, एकदा गाण्याचे पैसे घेतले की आपला हक्क संपला. या मतभेदावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. लताबाईंना पैशाची हाव आहे असं तेव्हा बोललं गेलं. बाईनं हिशोब मागितला की हा शब्द लगेच निघतो, तुम्हाला ठाऊक आहेच.

ॲरेथानं यावर आपला उपाय शोधला होता. तिच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना कार्यक्रम झाल्यावर पैसे बुडवणं ही नेहमीची गोष्ट होती. म्हणून ती स्टेजवर पाऊल ठेवायच्या आधी रोख घ्यायची आणि पर्समध्ये ठेवायची. पर्स कुठं? तर स्टेजवर, डोळ्यासमोर. २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या समोर तिनं १९६७ चंच आपलं आणखी एक गाणं म्हटलं. ते गाणं लिहिणाऱ्यांपैकी एक होती कॅरोल किंग आणि तिच्याच सत्काराचा तो सोहळा होता. तेव्हाही ॲरेथा पर्स घेऊनच स्टेजवर आली, ती पियानोवर ठेवली आणि मग गायला बसली. वय ७३. लोक त्याला हसत, कौतुकानं सांगत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला एकदा चटका बसतो तो तवा जपूनच धरतो.

तिसरी बॉबी जेंट्री. मिसिसिपी राज्यातल्या खेड्यात, आजी-आजोबांच्या शेतावर वाढलेली. घरात वीज नव्हती. नातीला गाण्याची ओढ दिसली तेव्हा आजीनं काय केलं? दावणीची एक दुभती गाय शेजाऱ्याला दिली आणि त्याच्याकडचा पियानो घेतला. दुभत्या गाईची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. लेकरासाठी आजीनं किती मोठं धाडस केलं, ते तुम्हीच ठरवा.

हीच मुलगी पुढं कॅलिफोर्नियाला गेली आणि १९६७ च्या जुलैत तिनं स्वतः लिहिलेलं एक गाणं रेकॉर्ड केलं. शेतावरून दमून आलेलं कुटुंब जेवायला बसलंय. आई सांगते की ओळखीच्या एका तरुण पोरानं पुलावरून उडी मारून जीव दिला. कुणी हळहळतं, कुणी आणखी एक घास मागतं, कुणी उद्याच्या नांगरणीचं बोलतं. मुलीला जेवण जात नाही. तिचं आणि त्या पोराचं काय नातं होतं, गाणं सांगत नाही. सगळी अमेरिका विचारत राहिली, पुलावर नक्की काय घडलं? जेंट्रीचं म्हणणं होतं, खरी गोष्ट ती नाहीच. शेजारी बसलेल्या माणसाचं दुःख आपल्याला दिसत नाही, ही खरी गोष्ट. हे ऐकलं की मला आपल्याकडची घरं आठवतात. बातमी येते, चार दिवस चर्चा होते आणि ताटावरच्या एखादीनं घास का टाकला, ते कुणी विचारत नाही.

ऑगस्टच्या शेवटापासून चार आठवडे हे गाणं पहिल्या नंबरावर होतं. पुढच्या वर्षी तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आणि हे गाणं तिनं स्वतः लिहिलं होतं, त्यामुळं रेडिओवर वाजल्यावर लिहिणाऱ्याचा जो वाटा असतो तो तिचा होता. लॉरेटाच्या गाण्याचंही तसंच, वाटा तिचा आणि बहिणीचा. ॲरेथाचा आवाज तिघींत मोठा, पण 'रिस्पेक्ट'च्या कागदावर लिहिणारी म्हणून तिचं नाव नव्हतं.

म्हणून म्हणते मैत्रिणींनो, गाण्याचं काय एवढं असं म्हणू नका. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर हजारो ओव्या रचल्या. ओव्या राहिल्या, रचणारींची नावं गेली. आज आपल्या हातात वही आहे. आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला आणि गीतकार, संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला. गाणाऱ्यांचाही विचार त्यात झाला. आपण रचलेलं गाणं लिहून ठेवलं किंवा रेकॉर्ड केलं की हक्क आपला असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण उद्या कुणी विचारलं तर तारखेचा कागद हाताशी असलेला बरा.

आमच्या गटानं या महिन्याच्या बैठकीत तेच केलं. काकूंनी गाणं सांगितलं, मी इतिवृत्ताच्या वहीत उतरवलं. खाली तारीख, काकूंचं नाव आणि अकराही जणींच्या सह्या. दोघींनी अंगठे दिले. ठराव असा की गाणं कुणीही म्हणावं, पण आधी काकूंचं नाव घ्यावं. आणि कुणी पैसे घेऊन म्हणणार असेल तर काकूंना विचारूनच. काकू लाजून म्हणाल्या, "एवढं कशाला?" पण वही मिटायच्या आधी त्यांनी आपलं नाव नीट लिहिलंय का, ते दोनदा वाचायला लावलं.

तुमच्याही गटात अशी एखादी असेलच. पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या नोंदी झाल्या की एक पान तिच्यासाठी ठेवा.