शिशाची गोळी आणि तिचा साचा

डहाणू रोड स्थानकावर उतरून पश्चिमेस डहाणू गांवीं गेलें म्हणजे खाडीच्या कांठीं जुना किल्ला लागतो. हा मुलूख सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांकडे होता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत तो मराठ्यांनीं घेतला. पोर्तुगीज गेले, परंतु त्यांचा एक शब्द मराठींत मागें राहिला. ‘काडतूस’ हें त्यांच्या ‘कार्तूशो’चें मराठी रूप होय.

दारूचें माप आणि शिशाची गोळी कागदांत गुंडाळली, कीं त्या काळचें काडतूस तयार होई. खरी अडचण असे ती गोळीची. बंदुकीची नळी लोहार हातानें घडवी. त्यामुळें एकीची गोळी दुसरींत बसेलच असा नेम नसे. म्हणून बंदुकीच्या धन्यास तिच्या मापाचा साचा जवळ बाळगावा लागे. सांडशीसारख्या या साच्याच्या दोन पाकळ्या मिटावयाच्या, लोखंडी पळींत वितळविलेलें शिसें वरच्या भोंकांतून ओतावयाचें, आणि तें गोठतांच पाकळ्या उघडून गोळीचा देठ कापावयाचा. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्यास कोळशाची शेगडी पुरते. कोंकणांत शिशाची खाण नाहीं. तें परदेशी व्यापाऱ्यांकडून बंदरांत विकत घ्यावें लागे. पण एकदां शिसें हातीं आलें, कीं गोळीसाठीं पुढें कोणाचें तोंड पाहण्याचें कारण नसे. शिकारीच्या गोष्टींतून श्रोत्यांस ठाऊक असलेली ‘बारा बोअर’ ही संज्ञा याच घरगुती हिशेबांतली आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक, म्हणजे सुमारें सव्वातीन तोळ्यांची, ज्या नळींत बसेल ती बारा बोअरची.

नळीच्या आंत पेंच पाडले म्हणजे नेम चांगला साधतो, हें युरोपांत पूर्वींच कळलें होतें. पण पेंचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून घालण्यास वेळ फार लागे. १८४९ सालीं मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानें बुडाशीं पोकळ अशी लांबट गोळी काढली. ती सैलपणें आंत जाई व बार उडतांच फुगून पेंचांत बसे. याच जातीची १८५३ ची एन्फील्ड बंदूक हिंदुस्थानांत आली. आतां गोळ्या यंत्रानें दाबून निघूं लागल्या, आणि काजळी मऊ राहावी म्हणून कागदास लावावयाचें वंगणहि कारखान्यांतच लागूं लागलें. १८५७ चें चरबीचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाहीं. त्या वर्षीं जानेवारींतच शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण आपल्या हातानें लावावें, अशी मुभा सरकारनें दिली होती. तिचा उपयोग झाला नाहीं. दृष्टीआड तयार झालेल्या वस्तूविषयीं शिरलेली शंका हुकुमानें निघणार कशी?

पुढें पितळी काडतूस आलें. खडकीस १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी बारा भाग शिसें व एक भाग कथील अशा ठराविक मिश्रणाची होती. मग १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. त्यांतील दारूगोळ्याची व्याख्या मोठी लक्ष देण्यासारखी आहे. शिसें, गंधक आणि सोरा हीं तींतून स्पष्ट शब्दांत वगळलीं होतीं. दारूगोळा तयार करण्याचीं यंत्रें मात्र तींत घातलीं होतीं. शिसें दुकानांत राहिलें, साचा गेला. १८८८ च्या ली-मेटफर्डपासून तर गोळीस कठीण धातूचें कवच चढलें, कारण वाढलेल्या वेगानें उघडें शिसें नळीस चोपडून बसे.

इंग्लंड-अमेरिकेंतील कांहीं हौशी नेमबाज आजहि जुन्या मार्टिनी बंदुका निशाणावर चालवितात. त्यांचीं काडतुसें दुकानांत सहजीं मिळत नाहींत. म्हणून हे लोक रिकामीं पितळी काडतुसें जपून पुन्हां भरतात व शिशांत कथील मिसळून गोळ्या घरीं ओततात. साचा घेण्यापूर्वीं मऊ शिशाचा तुकडा नळींतून ठोकून काढून ते तिचें माप घेतात. कारण एकाच कारखान्यांतून निघालेल्या दोन जुन्या नळ्याहि अगदीं सारख्या असतातच असें नाहीं.