शेगावची कचोरी : एका स्थानकाचा इतिहास

प्रवासी कुठे काय खातो, याची दखल इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच घेतली जाते. ती दुकानांच्या पाट्यांवर शोधावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या स्थानकाबाहेरच्या पाट्या वाचताना मला ‘शर्मा’ हे नाव हमखास भेटते. हे नाव वऱ्हाडात कसे आले, यातच शेगावच्या कचोरीचा इतिहास आहे.

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराला नेण्यासाठी इंग्रजांनी लोहमार्ग टाकला. १८६७ साली तो नागपूरला पोहोचला. १९१० साली गजानन महाराजांनी समाधी घेतली आणि कापसाच्या वाटेवरचे हे स्थानक भाविकांचे झाले. फाळणीत पंजाब सोडावा लागलेले तीरथराम करमचंद शर्मा इथे आले आणि १९५०च्या सुमारास त्यांनी कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, मूगडाळीचे तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. गाडी थांबते तेवढ्यात घेता येणारा, हातात धरून खाता येणारा आणि उरला तर घरी नेता येणारा हा जिन्नस. ताट-वाटी नको, बसायला जागा नको. गरज रेल्वेची, चव पंजाबी हाताची.

आज वऱ्हाडातला यजमान ‘आमची कचोरी’ म्हणून ती पाहुण्यापुढे ठेवतो. ‘स्थानिक’ म्हणजे मुळापासून इथलेच, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. आपले गाव गमावलेल्या माणसाने दुसऱ्या गावाला ओळख दिली, आणि त्या गावाने ती आपली मानली.