कुरवंजीच्या मुखी भूगोल

१९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा एक खेळ निघाला. पडद्याच्या माथ्यावरून परग्रहावरील सैन्य रांगारांगांनी खाली उतरत येते आणि खेळणाऱ्याने एका तोफेने त्याचा संहार करावयाचा, एवढेच त्याचे कथानक. त्याचे संगीत म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे चार सूर. शत्रूची चाल जसजशी जलद होई, तसतशी त्या चार सुरांची लयही चढत जाई आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. अंतराळातील युद्ध कोणी पाहिलेले नव्हते. परंतु चढती लय सर्वांच्या ओळखीची होती. अशा खेळांच्या संगीतासाठी पुढे मोठमोठे वाद्यवृंद बसू लागले, तरी त्यामागील तत्त्व बदललेले नाही. अपरिचित विश्वात माणसाला न्यावयाचे असेल, तर परिचित सुराचे बोट त्याच्या हाती द्यावे लागते.

हेच तत्त्व आपल्या मराठी भाषेत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने वापरले होते. त्याचा शोध घेण्यासाठी मात्र महाराष्ट्र सोडून कावेरीच्या मुलखात जावे लागेल.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेने दक्षिणेस निघाले, की वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, एक विस्तीर्ण छत्र बांधले. त्याच्या दर्शनी भागाला रथाचा आकार दिला असून तो ओढणारे हत्ती आणि घोडे दगडात कोरलेले आहेत. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. १८०१ साली राजांनी इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. तेथे भुकेल्यास अन्न मिळे, आजाऱ्यास वैद्य मिळे; आणि परमुलखातून आलेल्यांची अनाथ मुले शिक्षकाच्या हवाली करून त्यांच्या जेवणाखाण्याची, वस्त्रांची, इतकेच नव्हे तर ठरावीक दिवशी तेल लावून न्हाऊ घालण्याचीही सोय केली जाई. अन्नछत्र आणि शाळा ही एकाच छपराखाली असावीत, अशी ही दृष्टी होती.

हे पत्र लिहिणाऱ्या राजाची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. १७९८ साली सरफोजीराजे गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, दरसाल एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. आपल्या पत्रात त्यांनी कंपनीपाशी याचना केली ती या छत्रांना हात लागू नये म्हणून. मुलूख गेला होता. निदान अन्न आणि विद्या ही तरी आपल्या हातून जाऊ नयेत, अशी त्यांची तळमळ होती.

त्यांचे बालपण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली गेले होते, त्यामुळे युरोपीय शास्त्रांची गोडी त्यांना लहानपणीच लागली. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. त्याचे नाव ‘नवविद्याकलानिधि’. आणि इसापाच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद असलेली ‘बालबोध मुक्तावली’ तेथेच छापली गेली. परंतु छापील पुस्तक वाचणारे त्या काळी किती? नवविद्या लोकांच्या कानी घालावयाची, तर नाटक आणि संगीत यांवाचून दुसरा मार्ग नव्हता.

तंजावरास तो मार्ग तयारच होता. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगलीस झाले. पण त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत होते. त्यात तमिळ प्रांताचा स्वतःचा एक गेय नाट्यप्रकार होता, तो म्हणजे कुरवंजी. त्याचे कथानक ठरलेले असते. नायिका मिरवणुकीतील नायकास पाहते आणि विरहाने व्याकूळ होते. मग डोंगरातून कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी कुरव स्त्री येते. ती आपल्या डोंगराचे वर्णन करते, आपण हिंडलेल्या देशांची नावे गाऊन सांगते आणि अखेर नायिकेचा हात पाहून शुभ भविष्य वर्तविते. सरफोजीराजांनाच नायक कल्पून रचलेली एक तमिळ कुरवंजी तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात उत्सवप्रसंगी होत असे.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजीराजांचे मराठी नाटक याच साच्यातले आहे. येथे कुरवंजी येते ती देवलोकात, आणि पदांतून सांगते जगाचा भूगोल. राजांची मार्मिकता दिसते ती येथे. त्यांनी भूगोलाचा पाठ नाटकाला बाहेरून चिकटविला नाही. कुरवंजी देशोदेशींची नावे गाते, ही रूढी जुनीच होती. राजांनी त्या जुन्या जागी युरोपीय नकाशावरील नवी पृथ्वी आणून बसविली. श्रोत्यास वाटावे, आपण नेहमीचेच गाणे ऐकत आहो. आणि गाणे संपताना त्याच्या डोळ्यांसमोर सप्तद्वीपांपलीकडचे जग उभे राहावे!

संगीताने कथा बांधण्याचा राजांचा विचार किती पक्का होता, हे त्यांच्या नृत्यासाठी रचलेल्या मराठी निरूपणांवरूनही दिसते. एकच आख्यान, आणि त्यासाठी शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा अठरा निरनिराळ्या रचनांची क्रमवार मालिका; पण ती सारी एकाच रागात आणि एकाच तालात. रूप पालटत राहील, परंतु स्वरांचा धागा तुटणार नाही, अशी ही योजना होती.

अशा वारशाचे रक्षण मात्र अवघड असते. त्या काळच्या पोथ्यांत पदाच्या माथी राग आणि ताल लिहीत. पण रागाच्या नावावरून चाल कळत नाही. ती गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाई आणि ती परंपरा तुटली की मागे शब्द तेवढे उरत. सरफोजीराजांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा वृंद होता आणि पाश्चात्य स्वरलिपीची बाडे त्यांनी संग्रहीत केली होती. ‘देवेंद्र कुरवंजी’ तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्धही केली आहे. परंतु नाटक वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे.

१८३२ साली राजे निवर्तले. एका किल्ल्यापुरती ज्याची सत्ता उरली, त्या राजाने अवघी पृथ्वी एका कुरव स्त्रीच्या मुखी, मराठी पदांत घातली, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. ओरत्तनाडूच्या छत्रावरील दगडी घोडे जागचे हलत नाहीत. पण त्या पदांना पुन्हा चाली लाभल्या, तर ती पृथ्वी अजूनही फिरू लागेल.