विद्यापीठाचा उंबरठा

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी मंजूर झाला, तेव्हा त्या विद्यापीठाला ना स्वतःची इमारत होती, ना वर्ग. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था परीक्षा घेई व पदव्या देई. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. १८५४ च्या वुडच्या खलित्यातच हा आराखडा आखून दिलेला होता. अशा विद्यापीठाची विद्यार्थ्याशी पहिली गाठ पडे ती प्रवेशपरीक्षेत. १८५९ साली ती प्रथम झाली. १३२ उमेदवार बसले, आणि उत्तीर्णांची संख्या कशीबशी विशीपार गेली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांतही ते दोघे होते.

भाषा, गणित, इतिहास, भूगोल ही विद्यापीठाची मुख्य मागणी. शाळांनी काय शिकवावे, हे सांगण्याचा त्याचा हेतू नव्हता. परंतु उंबरठ्यावर जे विचारले जाते तेच घरात शिकविले जाते. चित्रकला, हस्तव्यवसाय यांना परीक्षेत स्थान नव्हते, म्हणून वेळापत्रकातही फारसे उरले नाही. त्यात सरकारी कचेऱ्या कारकुनीसाठी हाच दाखला मागू लागल्या. कॉलेजात जाणाऱ्या मूठभरांसाठी काढलेली परीक्षा अशा रीतीने सर्वांचेच माप ठरली. ‘मॅट्रिक नापास’ हीदेखील एक पात्रताच मानण्याइतका तो शब्द मराठीत रुळला! १८८२ च्या हंटर आयोगाने वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यवहारोपयोगी. दुसरी फारशी रुजली नाही. त्याबद्दल पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रतिष्ठा आणि नोकरी ही दोन्ही पहिलीच्या वाटेवर होती.

खरा घाव बसला तो देशी भाषांवर. कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेत आरंभी इतिहास, भूगोल, गणित यांची उत्तरे देशी भाषेत लिहिता येत. १८६२ च्या सुमारास ती मुभा गेली. मुंबईत त्याच दशकात वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती वगळल्या गेल्या व संस्कृत, लॅटिन या अभिजात भाषांना मान मिळाला. पुढे संस्कृत लागणार, तर शाळेतच मराठी सोडून ते घ्यावे, हा हिशेब हुशार मुलाला कोणी शिकवावा लागला नाही. रानड्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ चे टिपण याच खटपटीचा भाग होय. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले, आणि त्याच महिन्यात सिनेटने एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना जागा दिली. दैव असे की, मराठी घरात शिरली ती माडीवरून, दारातून नव्हे.

दार मोकळे करण्याचा प्रयत्न धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली केला. त्यांच्या महिला विद्यापीठाने स्वतःची प्रवेशपरीक्षा ठेवली आणि मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम मानले. त्याची किंमतही मोजावी लागली. त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये.

दरम्यान १९४८ साली मुंबई राज्यात शालान्त परीक्षा मंडळ स्थापन झाले व १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली. परीक्षा आता शाळेच्या शेवटाची झाली, विद्यापीठाच्या प्रवेशाची राहिली नाही. ऐच्छिक विषयांची यादीही वाढली. मात्र त्यांतले कोणते विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यास कॉलेजात घ्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाने आपल्याकडेच ठेवला, आणि मुख्याध्यापक विषय निवडताना ती यादी प्रथम पाहू लागले.